बेगमी : शिरूर-दौंडच्या घरांतील साठवणीचा इतिहास

'बेगमी' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. पावसाळ्याची बेगमी, वर्षाची बेगमी असे आपण सहज म्हणतो. उर्दूच्या तासाला मात्र हा शब्द फळ्यावर दोन तुकड्यांत लिहून दाखवता येतो. 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे दुःख, काळजी. मुलांना लगेच राणीसाहेब 'बेगम' आठवते, पण तो शब्द तुर्की वळणाचा, त्याचा इथे संबंध नाही. फारसीत ज्याला काळजी नाही तो बेगम. मराठीने ही निश्चिंती घरातल्या दाण्याला जोडली. ज्याच्या घरी ज्वारीची कणगी भरली, त्याची बेगमी झाली. आपल्या भागात माणसाला सर्वांत मोठी काळजी कशाची होती, हे या एका शब्दावरून कळते.

आज यवत, केडगाव, शिरूर इथली घरे बदलली आहेत. भाड्याच्या दोन खोल्यांत सहा फुटांचा ओटा, ओट्याखाली सिलिंडर आणि भिंतीवर स्टीलची मांडणी. एवढ्या जागेत धान्य, डाळी, मसाला, तेल, गूळ कसे बसवायचे हा घरोघरचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक जण नव्या डब्यांच्या जाहिरातींत शोधतात. पण याच दोन तालुक्यांतल्या माणसांनी हा प्रश्न तीन हजार वर्षांहून अधिक काळ हाताळला आहे. त्यांचा इतिहास पाहिला की साठवण कशी करावी हे तर कळतेच, शिवाय आणखी एक गोष्ट लक्षात येते. स्वयंपाकघर किती मोठे आहे यापेक्षा साठ्यावर हात कोणाचा आहे, यावरच लोकांची बेगमी ठरत आली आहे.

सुरुवात शिरूर तालुक्यापासून करू. घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकरी वस्ती तेथे जमिनीखालून वर आली. त्याचा मोठा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर म. के. ढवळीकर, ह. धी. सांकलिया आणि झेड. डी. अन्सारी अशी तीन नावे आहेत. अन्सारी यांचे नाव नेवाशाच्या उत्खननाच्या ग्रंथावरही आहे. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासावर आपल्यातल्याही एका माणसाने आयुष्य खर्च केले, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

इनामगावात शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. सातू, गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ यांचे जळून काळे झालेले दाणे मिळाले. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे ते दाणे कुठे ठेवले जात याच्या खुणा. घरातल्या जमिनीत धान्याचे खड्डे होते. कणग्या ठेवण्यासाठी मातीचे गोल ओटे होते. काही ठिकाणी चार सपाट दगड मांडलेले होते, आणि त्यांवर चार पायांचे मोठे मातीचे भांडे उभे राहत असे. भांड्याला पाय कशासाठी? जमिनीची ओल वर चढू नये, खालून हवा खेळावी, उंदराला आणि मुंगीला सहज वाट मिळू नये. आज आपण पिठाचा डबा फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवतो, त्यामागे हेच कारण आहे.

शेवटच्या काळात पाऊसपाणी कमी झाले आणि इनामगावची मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, असे संशोधकांनी मांडले आहे. चूल त्यातच, निजणे त्यातच, धान्यही त्यातच. लहान स्वयंपाकघराचा प्रश्न आजचा नाही, तो असा जुना आहे. त्या लोकांनी चालण्या-निजण्याची जागा मोकळी ठेवली आणि साठवण जमिनीच्या खाली व जमिनीच्या वर नेली.

पण इनामगावात आणखी एक इमारत होती. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर होते. ते गावप्रमुखाचे असावे असे मानले जाते. त्याला लागूनच धान्याचे कोठार होते, आत खड्डे आणि कणग्यांचे ओटे. ढवळीकरांच्या मते लोकांकडून येणारा धान्याचा वाटा येथे जमा होत असावा. म्हणजे त्या काळीही साठा दोन ठिकाणी होता, एक आपल्या चुलीजवळ आणि दुसरा प्रमुखाच्या भिंतीपलीकडे. दुष्काळाच्या वर्षी दुसऱ्या साठ्याचे दार कोणासाठी उघडत असेल, हे उत्खननात सापडत नाही. हा प्रश्न मात्र पुढच्या सगळ्या इतिहासात आपल्याबरोबर चालत राहतो.

मध्ययुगापासून अगदी परवापर्यंत देशावरच्या गावांत साठवणीची मुख्य जागा होती पेव. उंचवट्यावरच्या कोरड्या, निचऱ्याच्या जमिनीत बाटलीच्या आकाराचा खोल खड्डा घ्यायचा. तोंड अरुंद, पोट मोठे. आत कडबा किंवा भुसकट लावायचे, कडक वाळवलेली ज्वारी ओतायची आणि तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचे. आत कोंडलेला दाणा आणि त्यातले किडे श्वास घेतात, हळूहळू प्राणवायू संपतो आणि किडे मरतात. त्यामुळे ज्वारी काही वर्षे टिकत असे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, हवा खेळू द्यायची, हा नियमही त्यातूनच आला. आत साचलेल्या वायूने माणसे गुदमरून मेल्याच्या घटना घडत. आज आपण 'शिकवण्यांचे पेव फुटले' असे म्हणतो तेव्हा हा धान्याचा खड्डा कोणाला आठवत नाही.

वाड्यांत बळद असे. भिंतीला लागून केलेली ही धान्याची बंदिस्त खोली. वरच्या तोंडातून धान्य ओतायचे आणि खालच्या छिद्रातून काढायचे. यात एक मोठी युक्ती आहे. आधी पडलेले धान्य आपोआप आधी बाहेर येते, जुने तळाशी कुजत राहत नाही. कणगी बांबूच्या किंवा तुराट्यांच्या विणीची, आतून-बाहेरून शेणमातीने सारवलेली. स्वयंपाकघरात उतरंड. सर्वांत मोठे मडके खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. खालच्यात जड धान्य, मध्ये डाळी, वर रोजच्या वापराचे तीळ, मेथ्या, हळद. एका मडक्याच्या जागेत पाच-सहा मडकी बसत आणि प्रत्येक मडके खालच्याचे झाकण होई. छताला शिंके टांगलेले. त्यात दूध, दही, लोणी, मांजर आणि मुंगीपासून सुरक्षित. भिंतीत कोनाडा, त्यात मिठाचे भांडे.

हे सगळे वाचून जुना काळ सुखाचा होता असा समज करून घेऊ नये. पेव आणि बळद ज्याची जमीन मोठी त्याचे. बाकीच्यांचे काय? गावात पीक खळ्यावर आले की बलुतेदारांचा वाटा तिथेच मोजून दिला जाई. सुतार, लोहार, कुंभार, महार, मांग, चांभार यांच्यासारखाच मुलाण्याचाही त्यात हक्क असे. मुलाणी, तांबोळी, अत्तार, बागवान, पिंजारी, मण्यार ही आपली माणसे. यांतल्या बहुतेकांची जमीन थोडी किंवा नाहीच. त्यांच्या घरी पेव नव्हते, एखादी कणगी आणि उतरंड होती. तीही बलुत्यावर आणि आठवडे बाजारावर भरायची. पाऊस पडला नाही की खळे रिकामे, खळे रिकामे की बलुते रिकामे. लहान स्वयंपाकघराला पहिला धक्का तेव्हाही बसायचा.

साठा हातचा संपला की माणूस दुसऱ्याच्या घरात हात घालतो, हे राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते. शिवाजी महाराजांचे १६७३ चे एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी चिपळूणजवळ छावणीत राहिलेल्या लष्करातल्या अधिकाऱ्यांना ते लिहिले आहे. त्याचा आशय असा, की पावसाळ्यासाठी दाणा-गवत मोजून जमा केले आहे, ते आताच बेहिशेब उडवाल तर ऐन पावसात मिळणार नाही. मग घोडी मरतील आणि तुम्ही रयतेच्या घरचा दाणा, भाकरी, भाजी उचलू लागाल. दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतका बारीक इशाराही त्यात आहे. या पत्राकडे आपण सहसा रयतेवरच्या मायेचा पुरावा म्हणून पाहतो, आणि ते खरेच आहे. पण ते साठवणीवरचे मराठीतले एक उत्तम टिपणही आहे. किती आहे ते मोजा, किती दिवस पुरवायचे ते ठरवा आणि आगीपासून जपा. गडांवर धान्य ठेवायच्या जागेला 'अंबारखाना' म्हणत. हा शब्दही फारसी. पन्हाळ्यावरच्या अंबारखान्याच्या भव्य इमारती आजही उभ्या आहेत.

घरातल्या लहान साठवणीलाही असाच लांबचा वारसा आहे. दखनी बोलणाऱ्या आपल्या घरांत लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीला 'मर्तबान' म्हणतात. मर्तबान हे आजच्या म्यानमारमधल्या एका बंदराचे नाव. तिथून झिलईच्या मोठ्या बरण्या जहाजांवर चढत आणि हिंदी महासागरभर जात. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याच्या प्रवासवर्णनात अशा बरण्या येतात. समुद्रप्रवासासाठी मिठात मुरवलेले आले, मिरे, लिंबू आणि आंबे त्यांत भरलेले होते. जहाजावरची कोठडी म्हणजे जगातले सर्वांत लहान स्वयंपाकघर. तिथे टिकलेली युक्ती आपल्या फळीवर पोहोचली. मीठ, तेल, आंबट, आणि पाणी न शिरणारी झिलई.

साठवणीचा विषय आपल्या धर्मग्रंथांतही आहे. कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये सात सुकाळी वर्षांचे धान्य सात दुष्काळी वर्षांसाठी ठेवण्याची कथा आहे. त्यात हजरत यूसुफ एक व्यवहारी सल्ला देतात. खाण्यापुरते थोडे काढा आणि बाकीचे कणसातच राहू द्या. कणसावरचे आवरण दाण्याला कीड आणि ओल यांपासून जपते. आपल्याकडेही बियाण्याची कणसे चुलीच्या धुराजवळ आढ्याला टांगत, ते याच अनुभवातून. पैगंबरांनी घरच्यांसाठी वर्षभराचे अन्न बाजूला ठेवल्याचे हदीसमध्ये येते. आणि भाव चढावा म्हणून धान्य अडवून ठेवण्याला, म्हणजे एहतिकारला, तिथेच पाप म्हटले आहे. मराठीत साठवण आणि साठेबाजी असे दोन शब्द आहेत. फरक पोत्यांच्या संख्येत नाही, हेतूत आहे.

या फरकाची सर्वांत कठोर परीक्षा आपल्या भागात एकोणिसाव्या शतकात झाली. १८५८ मध्ये पुण्याहून पूर्वेकडे रेल्वे आली. यवतजवळून जाणारा हाच तो मार्ग. आता खळ्यावरची ज्वारी गावातच पेवात जाण्याऐवजी वॅगनमधून मोठ्या बाजारात जाऊ शकत होती. सारा रोख भरायचा होता, त्यासाठी पीक लवकर विकावे लागे किंवा सावकाराकडे जावे लागे. १२ मे १८७५ रोजी सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते आणि आजचा दौंडचा मुलूखही भीमथडीतच. पुढच्याच वर्षी पाऊस गेला. १८७६-७८ च्या दुष्काळात पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाला सर्वांत जास्त झळ बसली. हा भाग म्हणजे इंदापूर, भीमथडी आणि शिरूर.

तेव्हा रेल्वेने धान्य आलेही. पण ते विकत घ्यायला पैसे हवे होते आणि मजुरीच नव्हती. सरकारने दुष्काळी कामे काढली. १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी कापली की दिवसाला १ पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर थोडी रोकड एवढेच मोठ्या माणसाच्या हाती पडू लागले. दिवसभर खडी फोडणाऱ्याला ते पुरणारे नव्हते. मजुरांनी अनेक ठिकाणी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. धान्य असूनही माणसे उपाशी मरू शकतात, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये बंगालसारख्या दुष्काळांचा अभ्यास करून मांडले. भीमथडीच्या माणसांनी ते शंभर वर्षे आधी भोगले होते. चुलीजवळचा साठा गेला होता आणि दूरच्या साठ्यावर त्यांचा हक्क नव्हता.

विसाव्या शतकात तो हक्क हळूहळू कागदावर आला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. १९७२ च्या दुष्काळात आपल्या भागात परदेशी तांबडी ज्वारी, म्हणजे मिलो, आणि सुकडी आली. त्या मिलोची भाकरी कशी तुटायची, हे साठीच्या पुढची कोणतीही बाई सांगेल. चव नव्हती, पण १८७७ सारखी माणसे मेली नाहीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. गावाचे पेव आता सरकारच्या गोदामात आहे आणि त्याची चावी म्हणजे रेशनकार्ड.

याच काळात घरातली भांडीही बदलली. रॉकेलचे रिकामे चौकोनी डबे कापून, झाकण बसवून धान्याला वापरले जाऊ लागले. १९३७ मध्ये आलेल्या डालडाचे पिवळे डबे घराघरांत पोहोचले. मग पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि पुढे स्टील. गोल मडक्यांच्या मध्ये जागा वाया जाते, चौकोनी डबे एकमेकांना चिकटून बसतात. उतरंड गेली आणि फळी आली. घर लहान झाले तरी सामान मावू लागले, त्याचे बरेचसे श्रेय या डब्याला आहे.

आता हिशेब करून पाहू. पाच माणसांच्या घराला रोज २ किलो धान्य लागते असे धरले तर वर्षाला सुमारे ७३० किलो. एवढी बेगमी पूर्वी कणगीत आणि पेवात असे. आज पाच माणसांचे रेशन २५ किलो, म्हणजे त्याच हिशेबाने साडेबारा दिवसांचे. बाकीचे आपण लागेल तसे दुकानातून आणतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा प्रत्येक घरात डबे उघडून दिवस मोजले गेले. हातावर पोट असलेल्यांचे दिवस सर्वांत आधी संपले.

वर्षाचा साठा ठेवायला आज आपल्याकडे जागाही नाही आणि त्याची तशी गरजही नाही. पण एका महिन्याची बेगमी सहा फुटांच्या ओट्याजवळही बसते आणि तिचे नियम वर येऊन गेलेच आहेत. रेशनचे धान्य आले की आधी कडक उन्हात वाळवायचे. दाताखाली कट्ट वाजला तरच भरायचे. डबा काठोकाठ भरून घट्ट लावायचा. अर्ध्या रिकाम्या डब्यात हवा राहते आणि किड्यालाही ती पुरते, हा पेवाचा धडा. त्यामुळे एका मोठ्या पिंपापेक्षा दोन-तीन मध्यम डबे बरे, रोज एकच उघडतो. नवे धान्य जुन्यावर ओतायचे नाही. जुने संपवून, डबा पुसून, उन्हात ठेवून मग नवे भरायचे, हा बळदाचा धडा. जड खाली, हलके वर, रोजचे हाताच्या उंचीवर, ही उतरंड. डब्याखाली पाट, हे इनामगाव. तुरीला एरंडेलाचा हात, गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला. गुळाची ढेप पावसाळ्यात पाघळते, हे गुऱ्हाळांच्या या मुलखात सांगायला नको. ती फोडून बरणीत घालावी आणि मोरीच्या भिंतीपासून दूर ठेवावी. ईदच्या शेवया आणि कुरडया यांचा डबा सर्वांत वरच्या फळीवर, कारण तो वर्षातून मोजक्या वेळाच उतरतो.

आणखी एक गोष्ट त्या फळीवर असावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहांत सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला जेवत. ती मुले जगवायला पैसा नव्हता, म्हणून मुष्टिफंड निघाला. दळायला बसण्याआधी बाईने एक मूठ धान्य बाजूच्या भांड्यात टाकायचे, आणि भांडे भरले की ते वसतिगृहाकडे जायचे. ज्या घरात स्वतःचीच कणगी जेमतेम भरलेली, त्या घरानेही ती मूठ दिली. आज शिक्षक, वकील, अधिकारी झालेल्या कितीतरी घरांच्या मागच्या पिढ्या त्या मुठींवर शिकल्या. हा हिशेब कोणत्याही अंबारखान्याच्या दप्तरात मिळणार नाही.

आमच्या यवतला हे समजावून सांगावे लागत नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी मुक्कामाला येते तेव्हा काळभैरवनाथाच्या देवळात पिठल्याच्या कढया चढतात आणि भाकरी येतात घराघरांतल्या चुलींवरून. एका घराची टोपली लहानच असते. सगळ्या टोपल्या एकत्र आल्या की हजारो वारकरी जेवून पुढे वरवंडला निघतात.

इनामगावच्या प्रमुखाच्या कोठारापासून रेशनच्या गोदामापर्यंत मोठे साठे दुसऱ्यांच्या हाती राहिले आहेत, आणि त्यांवरचा आपला हक्क मागत राहायलाच हवा. कार्डावर नाव आहे का, धान्य पूर्ण मिळाले का, हे पाहणे म्हणजेही साठवणच. घरातला डबा मात्र आपल्या हातात आहे. तो कोरडा असावा, भरलेला असावा, जुने आधी निघावे आणि त्याच्या शेजारी दुसऱ्यासाठी ठेवलेली एक मूठ असावी.